मैदानाबाहेर बसवलेली मुले

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये गुणवंतांचे सत्कार होतात. विहारात खुर्च्या मांडल्या जातात, वह्या-पेन आणि पुष्पगुच्छ दिले जातात, कुणी वक्ता 'शिका' या एका शब्दावर तासभर बोलतो. हे झालेच पाहिजे. ज्या समाजाला शेकडो पिढ्या अक्षर नाकारले गेले, त्याने अक्षराचा उत्सव करावा यात गैर काहीच नाही. परंतु या सत्कारात एक प्रश्न कधीच विचारला जात नाही. या मुलामुलींना दहा वर्षांत शाळेचे मैदान किती मिळाले? पी.टी.च्या तासाला ती कुठे होती? धावत होती, की भिंतीच्या सावलीला बसून इतरांची दप्तरे राखत होती?

असा प्रश्न कुणी विचारला तर लोक त्याला वेड्यात काढतील. पी.टी. हा काय विषय आहे? वेळापत्रकातला तो रिकामा तास. गणिताचे पोर्शन राहिले की गणिताचे सर तो घेतात, वार्षिक स्नेहसंमेलन जवळ आले की नाच बसवायला तो जातो, निवडणुकीच्या कामाला शिक्षक गेले की तो कुणाचाच नसतो. दहावीला 'आरोग्य व शारीरिक शिक्षण' या विषयाची श्रेणी गुणपत्रिकेत येते, ती शाळाच देते आणि बहुतेक ठिकाणी मूल मैदानावर उतरले की नाही हे न बघताच देते. ज्या विषयात कुणी नापास होत नाही, त्या विषयात काय चालते याची चौकशीही कुणी करत नाही. आणि जिथे चौकशी होत नाही तिथे जात आपले काम निवांतपणे करत असते, हे आंबेडकरी वाचकाला वेगळे सांगायला नको.

इतर तासांना मूल बाकाच्या मागे असते. वही, पुस्तक, फळा यांच्या आड त्याचे शरीर लपलेले असते. पी.टी.चा तास हा शाळेतला एकच तास असा, ज्यात पोराला उघड्यावर, सर्वांच्या नजरेसमोर, आपल्या शरीरासकट उभे राहावे लागते. उंचीप्रमाणे रांग लागते. वजनकाटा येतो. अर्धी चड्डी आणि बनियन येते. कुणाच्या पायात कॅनव्हासचे पांढरे बूट असतात, कुणाच्या पायात फाटकी स्लिपर असते, कुणी अनवाणी असतो. कोण काळा, कोण हडकुळा, कोण जाड, कुणाची चाल 'बायली', हे सगळे त्या पस्तीस मिनिटांत ठरते आणि पुढे दहा वर्षे ते नाव त्या पोराला चिकटते. 'कोळशा', 'लुकड्या', 'ढोल्या', 'बायल्या' ही नावे वर्गात क्वचितच जन्माला येतात. ती मैदानावर जन्मतात आणि कित्येकदा शिट्टी गळ्यात घातलेल्या सरांच्याच तोंडून बाहेर पडतात. सर हसले की सगळी रांग हसते.

आपल्या मुलांच्या वाट्याला यात दोन गोष्टी येतात आणि वरवर त्या एकमेकींच्या उलट दिसतात. एकीकडे त्यांना सांगितले जाते की तुम्ही अशक्त, तुमच्यात दम नाही, तुम्ही संघात नको. दुसरीकडे सांगितले जाते की 'ह्यांचं काय, ही पोरं काटकच असतात', तेव्हा मैदान झाडायला, दगड वेचायला, फक्की टाकून रेषा आखायला, चटया आणि माइकचा खांब उचलायला ह्यांनाच बोलवा. खेळायला अशक्त आणि राबायला काटक! एकाच शरीराबद्दल ही दोन मते एकाच शाळेत, एकाच दिवशी, एकाच माणसाच्या तोंडी असतात. या विसंगतीचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही, कारण वर्णव्यवस्थेने शूद्रातिशूद्रांच्या शरीराबद्दल कायम हेच म्हटले आहे. ते कष्टाला जन्मले आहे, मानाला नाही. स्वागताला पाहुण्यांच्या हाती गुच्छ द्यायला कोणत्या मुली निवडल्या जातात आणि कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलायला कोण उरते, एवढे वाचकांनी पुढच्या २६ जानेवारीला आपल्या गावच्या शाळेत जाऊन पाहावे.

याच मातीतल्या एका खेळाडूची हकीकत येथे सांगितली पाहिजे. पालवणकर बाळू हे चर्मकार समाजात जन्मलेले डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्याला इंग्रजांच्या क्लबात ते महिना चार रुपये पगारावर खेळपट्टी रोलरने दाबायचे, जाळी लावायचे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. शेकडो तास चेंडू टाकले, पण बॅट हाती घ्यायची संधी साहेबांनी त्यांना दिली नाही. पुढे पुण्याच्या हिंदू क्लबाला इंग्रजांना हरवायचे होते, तेव्हा याच अस्पृश्य बाळूंची आठवण झाली. मैदानात त्यांनी फेकलेला चेंडू सवर्ण क्षेत्ररक्षक हातात घ्यायचे, पण चहाच्या वेळी बाळूंना तंबूबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळायचा. १९११ साली हिंदुस्थानच्या संघातून ते इंग्लंडला गेले आणि त्या दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आले. तरीही हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना मिळाले नाही. १९२० साली त्यावरून वाद झाला, तेव्हा पालवणकर बंधूंनी संघातून अंग काढून घेतले आणि अखेर १९२३ साली धाकटे बंधू विठ्ठल कप्तान झाले. (हेच बाळू १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांच्या विरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. ते राजकारण वेगळे. त्यामुळे त्यांच्या बोटांतली कला आणि त्यांना सोसावा लागलेला अपमान खोटा ठरत नाही.) चेंडू टाका, पण बॅट मागू नका, हा नियम शंभर वर्षांत किती बदलला, याचे उत्तर आजच्या कुठल्याही शाळेचा संघ निवडला जाताना मिळेल. मरीन ड्राइव्हवरून जाताना पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना अशा पाट्या अजून दिसतात. ज्यांना हिंदू म्हणून मोजले पण हिंदूंच्या तंबूत बसू दिले नाही, त्यांचा जिमखाना तिथे नाही.

शरीरावर अधिकार सांगण्याचा लढा आपल्या परंपरेला नवा नाही. पुण्यात लहुजी वस्ताद साळव्यांची तालीम होती. मांग समाजातल्या या वस्तादाकडे जोतीराव फुले दांडपट्टा आणि लाठी शिकले. फुले दांपत्याच्या शाळांच्या पाठीशी लहुजी उभे राहिले आणि त्यांच्याच कुटुंबातल्या मुक्ता साळवेने १८५५ साली मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. म्हणजे या महाराष्ट्रात तालीम आणि शाळा एकमेकींचा हात धरून आल्या. पुढे कधीतरी आपण शाळा तेवढी धरली आणि तालीम सोडून दिली.

मग लष्कराचे घ्या. कंपनीच्या फौजेत लढलेल्या महारांची भरती १८९२-९३ च्या सुमारास इंग्रजांनी बंद केली. 'लढाऊ जाती' आणि 'बिगरलढाऊ जाती' अशी वाटणी झाली आणि काल ज्यांच्या हाती बंदूक होती ते एका रात्रीत लढण्यास नालायक ठरले. त्यांची छाती, दंड, दम यांत काही फरक पडला नव्हता. फरक कागदावर पडला होता. गोपाळबाबा वलंगकरांनी याविरुद्ध अर्ज तयार केला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली महारांची पलटण उभी केली, युद्ध संपल्यावर १९२१ साली ती मोडली. शेवटी बाबासाहेबांच्या पाठपुराव्यानंतर १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. कुणाचे शरीर कशाला लायक आहे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाच्या हाती असावा, या प्रश्नावर आपल्या पूर्वजांनी जवळजवळ पन्नास वर्षे झुंज दिली आहे.

आणि डिसेंबर १९२७ ची महाडची परिषद तर सर्वांना ठाऊक आहे. मनुस्मृती जाळली हे आपण सांगतो, पण त्याच परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले, हे पुष्कळदा सांगायचे राहून जाते. लुगडे नेसण्याची पद्धत, गळ्यातले-हातातले जड कथलाचे दागिने ही अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाकून द्या, असे त्यांनी त्या बायांना सांगितले. त्या बायांनी ते मानले. काहींनी त्याच मुक्कामी पोशाख बदलला. वरकरणी ही कपड्यांची गोष्ट वाटते. पण जात अंगावर लिहिलेली असते, ती आधी अंगावरून पुसावी लागते, हे बाबासाहेबांना पक्के कळले होते. आज लुगड्याची खूण राहिली नाही. तिच्या जागी रंग, अंगकाठी, दात, केस, बुटांचा ब्रँड आणि बोलण्याचा हेल आला आहे. शाळेतल्या पोरांना या खुणा वाचता येतात. त्यांना त्या कुणी शिकवल्या, हे त्यांच्या आईबापांना विचारा.

आता पोटाकडे वळू, कारण पोट सोडून शरीराची चर्चा करणे हा खात्यापित्या घरांचा उद्योग आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली. देशभरात अनुसूचित जाती आणि जमातींमध्ये हे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आहे. किशोरवयीन मुलींमध्ये निम्म्याहून अधिक मुलींच्या अंगात पुरेसे रक्त नाही. अशी मुलगी दोनशे मीटर धावून चक्कर येऊन बसली की तिला 'नाटकी' म्हणतात. तिच्या रक्तात लोह नाही, हे पी.टी.च्या सरांना कुणी सांगितलेले नसते आणि बहुधा तिलाही ठाऊक नसते. तिला फक्त एवढे कळते की आपले शरीर आपल्याला ऐनवेळी लाज आणते.

महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय घेतला. न खाणाऱ्यांना केळे. आठवड्याला एक अंडे म्हणजे काही मेजवानी नव्हे, तरी पोरे त्या दिवशी शाळा बुडवत नसत, असे कोणताही जिल्हा परिषदेचा शिक्षक सांगेल. काही मंडळींच्या धर्मभावना त्या अंड्याने दुखावल्या. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने अंड्यांसाठीचा निधी थांबवला आणि ज्या शाळांना अंडी द्यायची असतील त्यांनी लोकसहभागातून पैसे उभे करावेत, असे सांगून हात झटकले. लोकसहभाग! ज्या गावात पोराला घरी अंडे मिळत नाही, त्या गावाने शाळेतल्या अंड्यासाठी वर्गणी काढायची. कुणाच्या ताटात काय असावे हे ठरवणारा आणि मग त्याच ताटावर वाढलेल्या शरीराला 'दुबळे' म्हणणारा हात एकच आहे.

हे दुबळेपण पुढे कुठे मोजले जाते? पोलीस भरतीच्या मैदानावर. आपल्या वस्तीतला बारावी झालेला तरुण आजही जी नोकरी डोळ्यांपुढे ठेवतो, ती पोलिसाची. पुरुष उमेदवाराला उंची १६५ सेंटिमीटर हवी, छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर हवी आणि फुगवून आणखी ५ वाढली पाहिजे. मग ५० गुणांची मैदानी चाचणी. त्यात १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. पहाटे चार वाजता शहराच्या रिंगरोडवर, डांबरी रस्त्यावर, वीस-बावीस वर्षांची पोरे जिवाच्या आकांताने धावताना दिसतात. कुणाच्या नडगीला सूज, कुणाचा घोटा गेलेला. गोळा कसा धरायचा, पहिली फेरी कशी राखायची, हे त्यांना शाळेत कुणी शिकवले नाही. जे आठवीत सहज आले असते ते बाविसाव्या वर्षी खासगी अकादमीत हजारो रुपये भरून शिकावे लागते. आणि उंची तर कुठल्याही अकादमीत मिळत नाही. ती आईच्या गरोदरपणात आणि वयाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत गेलेली असते. एका सेंटिमीटरने बाहेर काढलेला तरुण घरी येऊन आपल्याच देहाला शिव्या देतो. त्याला कुणी तरी सांगितले पाहिजे की तो सेंटिमीटर तू गमावलेला नाहीस, तो तुझ्या ताटातून काढून घेतला गेला.

याच्या उलट बाजूला पाहा. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. जिल्हा, राज्य, राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्यांना दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात. खेळाडूला ते मिळालेच पाहिजे. पण खेळाडू बनतो कोण? ज्याच्या शाळेला पोहण्याचा तलाव आहे, स्केटिंगची फरशी आहे, ज्याचा बाप पहाटे गाडीने प्रशिक्षकाकडे सोडतो तो. त्यातही ज्यांना घाम गाळायचा नव्हता त्यांनी बोगस क्रीडा प्रमाणपत्रे मिळवून नोकऱ्या लाटल्याची प्रकरणे याच महाराष्ट्रात उघडकीस आली. आमच्या आरक्षणावर गुणवत्तेच्या नावाने गळे काढणारी मंडळी तेव्हा कुठे होती?

मुलींची गोष्ट स्वतंत्रपणे सांगितली पाहिजे, कारण तिच्या वाट्याला दुहेरी मार आहे. पाचवी-सहावीपर्यंत आपली मुलगी लंगडी, खो-खो खेळते, पोरांना मागे टाकते. आठवी-नववीत ती एकाएकी मैदानाबाहेर दिसते. पाळी सुरू झालेली असते, शाळेच्या स्वच्छतागृहाला कडी नसते, नळाला पाणी नसते. पांढऱ्या गणवेशात उडी मारायची भीती वाटते. कुंपणाबाहेर टोळके उभे असते. सर पुरुष, त्यांना सांगायचे कसे? ती 'पोटात दुखतंय' म्हणून बाजूला बसते. आठवड्यातून दोनदा पोटात दुखणाऱ्या मुलीला नेमके काय होते, हे शाळेतल्या कुणालाच जाणून घ्यायचे नसते.

येथे आपल्या घरांनाही प्रश्न विचारला पाहिजे, प्रत्येक वेळी बोट मनुवाद्यांकडे दाखवून चालणार नाही. 'उन्हात खेळू नको, काळी पडशील' हे वाक्य कुठल्या घरात बोलले जाते? बाबासाहेब आणि बुद्धाची तसबीर असलेल्या घरातही बोलले जाते. 'फेअर अँड लव्हली' नावाचे मलम १९७५ साली बाजारात आले आणि २०२० साली त्याच्या नावातला 'फेअर' गेला. नाव बदलले, गोरेपणाचे वेड गेले नाही. आमच्या मासिक-दैनिकांतल्या वधू-वर जाहिराती काढून पाहा. 'गोरी, सडपातळ' हे शब्द तिथेही आहेत. बौद्ध म्हणून वेगळी ओळख सांगायची आणि मुलीच्या कातडीला मात्र ब्राह्मणी तराजू लावायचा, ही तडजोड त्या मुलीला मैदानावरून उठवून घरात बसवते. आता तर हातात मोबाइल आला आहे. त्यात चेहरा गोरा, कंबर बारीक करून दाखवणारी फिल्टरे आहेत. पंधरा वर्षांची मुलगी दिवसातून दहादा स्वतःचा खोटा चेहरा पाहते आणि मग आरशातल्या खऱ्या चेहऱ्यावर रागावते. मुलांचेही तेच. व्यायामशाळेत जाऊन तीन महिन्यांत नटासारखे स्नायू हवेत, म्हणून कसलीकसली पावडर आणि इंजेक्शने घेणारी पोरे आपल्या वस्तीत आहेत. दुधाला पैसे नाहीत आणि डब्यातल्या पावडरला कर्ज!

जी सगळे अडथळे ओलांडून पुढे जाते तिचे तरी काय होते? वंदना कटारियाने २०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. भारताचा उपांत्य सामना हरल्यावर हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर फटाके फोडले गेले आणि संघात दलित जास्त झाले म्हणून हरलो, अशा शिव्या दिल्या गेल्या, अशी तक्रार तिच्या कुटुंबाने पोलिसांत दिली. जिंकली तर देशाची बेटी, हरली तर जातीची. तमिळनाडूच्या शांती सौंदराजनचे त्याहून कठीण. वीटभट्टीवर राबणाऱ्या दलित घरातली ही मुलगी २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरमध्ये रौप्यपदक मिळवून आली आणि लिंगचाचणीत 'नापास' ठरवून तिचे पदक काढून घेण्यात आले. तिने कसलेही औषध घेतले नव्हते, कुणाला फसवले नव्हते. तिचे शरीर जसे होते तसे होते. त्या शरीराची चर्चा मात्र देशभरच्या वाहिन्यांवर झाली. ओडिशाच्या द्युती चंदलाही २०१४ साली असेच थांबवले गेले. ती आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे गेली, २०१५ साली लवादाने तो नियम स्थगित केला आणि ती पुन्हा धावली. शांतीच्या वेळी तिच्या बाजूने असे लढायला कुणी उभे राहिले नाही. शाळेच्या मैदानावर ज्या मुलाला 'बायल्या' आणि ज्या मुलीला 'बाप्या' म्हणून हिणवले जाते, त्यांच्या अंगावर हीच चाचणी रोज, डॉक्टरावाचून, घेतली जात असते. हे पोर आपल्या घरातले असेल तर आपण त्याच्या बाजूने उभे राहतो काय?

शासनाला शारीरिक शिक्षणाची आठवण अधूनमधून होते, नाही असे नाही. २०१६ साली मुंबई महापालिकेच्या सभागृहाने शाळांत सूर्यनमस्काराच्या सक्तीचा ठराव केला. योगदिन तर २०१५ पासून दरवर्षी साजरा होतो. व्यायाम म्हणून कुणी काहीही करावे. परंतु मंत्रासह नमस्कार घालायला लावणे हा व्यायाम नसून ओळख लादणे आहे, आणि त्याला नकार देणाऱ्या बौद्ध, मुस्लीम किंवा ख्रिस्ती मुलाला रांगेबाहेर काढणे हा तर उघड भेदभाव आहे. चटई अंथरून फोटो काढायला खर्च येत नाही. मैदान घ्यायला, शिक्षक नेमायला, बूट द्यायला येतो.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला मैदान असावे असे लिहिले आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांचा पट शंभरावर असेल तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असेही लिहिले आहे. आता बघा, कायद्यानेच शंभरची अट घातली. वाडी-तांड्यावरच्या, वस्तीतल्या लहान शाळेचा पट शंभर होणार कधी? म्हणजे जिथे गरज अधिक तिथे शिक्षक नाही. शहरातल्या झोपडपट्टीच्या शाळेत मैदान म्हणजे दोन इमारतींमधली फरशी, तीही संध्याकाळी गाड्या लावायला जाते. विकास आराखड्यात मैदान म्हणून दाखवलेल्या जागेवर काय उभे राहिले, हे आपल्या नगरसेवकांना चांगले ठाऊक आहे. त्यात आपलेही काही आहेत, हे खेदाने नोंदवावे लागते. अपंग मुलांना तर या तासाला कायमची सुट्टी देऊन टाकलेली असते. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात खेळण्याचा हक्क आहे, शाळेत मात्र त्यांच्या हाती पाण्याच्या बाटल्या राखायचे काम असते.

आता आम्ही काय करावे म्हणतो? मोर्च्याआधी करण्यासारखे एक काम आहे. खासगी विनाअनुदानित शाळा वगळता प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असते. कायद्याने तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात आणि वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व हवे. बहुतेक ठिकाणी या समितीवर आपली एखादी बाई असते आणि ती सहीपुरती असते. तिला घरून उठवून बैठकीला पाठवा. तिच्या सोबत जा. तिने विचारावे की मैदान झाडायला कोणाची मुले लावता, वजन-उंची सगळ्यांसमोर मोठ्याने का वाचता, मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी कधी लागणार, संघ निवडताना चाचणी घेतली की नावे आधीच ठरली होती, अंड्यांचे काय झाले. पोराला टोपणनावाने हाक मारणाऱ्या सरांना बैठकीत बोलवावे. आणि हे सगळे इतिवृत्तात लिहून घ्यावे. तोंडी बोललेले शाळेत टिकत नाही.

दुसरे काम आपल्या हातचे. जयंतीला लाखोंची वर्गणी जमते आणि तिचा मोठा भाग भिंतीएवढ्या स्पीकरांवर जातो. १४ एप्रिलला दणाणणाऱ्या डीजेपुढे नाचायला आपल्या पोरांमध्ये दम आहे, तर वर्षभर धावायला का नाही? त्या पैशातून एक गोळा, दोन चेंडू, उंच उडीचे खांब आणि पंचवीस जोड बूट येतात. विहाराच्या अंगणात संध्याकाळी एक तास मुलींसाठी राखून ठेवता येतो. पोलीस दलात किंवा लष्करात असलेले, निवृत्त होऊन गावी परतलेले आपले कितीतरी बांधव आहेत, त्यांना शिट्टी द्या. मात्र एक अट घाला. मैदानावर कुणाला कुणी रंगावरून, जाडीवरून, चालीवरून हाक मारणार नाही, शिकवणाऱ्यानेही नाही.

जूनमध्ये शाळा उघडतात. तोपर्यंत वेळापत्रक लागलेले असते. तुमच्या मुलाचा पी.टी.चा तास कोणत्या वारी, कितव्या घंटेला आहे हे त्याला विचारा, आणि त्या दिवशी कामावरून अर्धा तास काढून कुंपणापाशी जाऊन उभे राहा. कोण खेळते आहे आणि कोण भिंतीला बसले आहे, ते मोजून समितीच्या पुढच्या बैठकीत सांगा.